कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलींनो, पैसे कुठे भरायचे आणि कुठे नाहीत

संगणक अभियांत्रिकी, आयटी किंवा बीसीएला प्रवेश मिळाला की पहिल्या दोन महिन्यांतच तुमच्या मोबाइलवर दोन तऱ्हेचे मेसेज यायला लागतात. एक शिष्यवृत्त्यांचे, दुसरे हॅकेथॉन, वर्कशॉप आणि ‘विमेन इन टेक’ कार्यक्रमांचे. दोन्हीकडे मुलींसाठी खरोखर बरंच काही राखून ठेवलेलं आहे आणि त्यातलं पुष्कळसं फुकट आहे. पैसे जातात ते तारीख चुकल्यामुळे, मधल्या माणसामुळे आणि फॉर्मच्या शेवटच्या पानावरच्या अटीमुळे. हा हिशेब महाराष्ट्रातल्या कॉलेजांचा आहे.

सगळ्यात मोठी रक्कम : फी माफी

८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या योजना आहेत.

खरी अट पुढे आहे. प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा, संस्थास्तरावरची जागा, खासगी अभिमत विद्यापीठ किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ असेल तर माफी नाही. त्यामुळे ‘जागा संपतायत, आजच भरा’ असा फोन आला तरी थांबा. कॅपच्या जागांत मुलींसाठी ३० टक्के आरक्षण असतं. पुढच्या फेरीची वाट पाहणं हे कित्येकदा चार वर्षांच्या फीएवढं मोलाचं ठरतं. अभ्यासक्रमाचं नावही तपासा. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि बीई कॉम्प्युटर यांना एकच नियम लागू होतो असं धरून चालू नका.

माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, जिमखाना, ग्रंथालयाची अनामत, वसतिगृह, मेस, कॉलेजची बस हे सगळं तुमच्या खिशातून जातं. म्हणून काउंटरवर ‘एकूण फी किती’ विचारू नका. फोड करून मागा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. त्याहून जास्त कोणी मागत असेल तर ते कशाखाली, हे पावतीवर लिहून घ्या. पावती मिळत नसेल, तर १९८७चा कॅपिटेशन फी बंदी कायदा अशाच रकमांसाठी आहे.

‘आता पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत करू’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळू शकतं. पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क आगाऊ घ्यायचं नाही, असं सरकारने कॉलेजांना बजावलेलं आहे. कॉलेज अडून बसलं तर मागणी लेखी द्यायला सांगा आणि तो कागद घेऊन तंत्रशिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालकांकडे जा. ही कार्यालयं मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि अमरावतीत आहेत. बहुतेक कॉलेजं हा पत्ता माहीत असलेल्या पालकांशी फार वाद घालत नाहीत.

माफीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो आणि तो दर वर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी मंजूर झाला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप होत नाही. इथे मुली बँक खात्याशी अडकतात. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी ते ‘सीड’ झालेलं असणं वेगळं. रक्कम ज्या खात्यात सगळ्यात शेवटी सीडिंग झालं, तिथे जाते. नवीन सिम घेताना मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं गेलं असेल, तर शिष्यवृत्ती तिकडे जमा होते आणि तुम्ही जुन्या खात्याचं पासबुक भरत बसता. आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती फुकट दिसते. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी ती पाहा.

दाखले : जूनमध्ये नव्हे, मेमध्ये

लागणारे कागद साधारण असे : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, ओबीसी आणि एसईबीसीसाठी चालू मुदतीचं नॉन-क्रीमीलेयर, ईडब्ल्यूएस असल्यास तो दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचं वाटपपत्र, फीची पावती, रेशनकार्ड, आधार. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप प्रमाणपत्र. वसतिगृहात राहणार असाल तर वॉर्डनचं पत्र.

उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत आणि नॉन-क्रीमीलेयर २१ दिवसांत देणं लोकसेवा हक्क कायद्याने बंधनकारक आहे. ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरूनही अर्ज करता येतो. उत्पन्नाच्या दाखल्याचं सरकारी शुल्क शंभर रुपयांच्या आत आहे आणि सेवा केंद्रात दरफलक लावलेला असतो. प्रवेशाच्या दिवसांत केंद्राबाहेर ‘अर्जंट’ म्हणून हजारभर रुपये मागणारे उभे असतात. त्यांनी पैसे घेतले तरी अर्ज त्याच पोर्टलवर, त्याच रांगेत लागतो. आणखी एक खर्च टाळा : शाळा-कॉलेजला लागणाऱ्या अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर स्वयंसाक्षांकित प्रतिज्ञापत्र चालतं. केंद्रचालक स्टँप पेपर आणायला सांगत असेल तर घेऊ नका.

प्रगती, सरस्वती आणि बाकीच्या

एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. वर्षाला ५०,००० रुपये, पदवीला जास्तीत जास्त चार वर्षं, डिप्लोमाला तीन. एआयसीटीई-मान्य संस्थेत पहिल्या वर्षाला, किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेला हवा, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि एका घरातल्या दोनच मुलींना. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. बीबीए, बीसीए, बीएमएसच्या मुलींसाठी एआयसीटीईची ‘सरस्वती’ ही वेगळी योजना आहे, वर्षाला २५,००० रुपयांची.

प्रगतीचा अर्ज तुम्ही भरल्यावर कॉलेजने पोर्टलवर तो पडताळायचा असतो. कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याने मुदतीत बटण दाबलं नाही, तर तुमचे गुण कितीही असोत, अर्ज तिथेच मरतो. अर्ज भरल्याच्या आठवड्यात शिष्यवृत्ती कक्षात जाऊन ‘व्हेरिफाय झाला का’ विचारा आणि पोर्टलवरची स्थिती स्वतः बघा. संकोच करू नका. तिथल्या टेबलावर शेकडो अर्ज असतात आणि विचारणाऱ्या मुलीची फाइल वर येते.

फी माफी आणि प्रगती दोन्ही एकाच वर्षी मिळतील असं गृहीत धरू नका. प्रगती घेणाऱ्या मुलीने त्याच काळात दुसरी शिष्यवृत्ती घेऊ नये अशी अट असते. मग साधी बेरीज-वजाबाकी करा. सरकारी कॉलेजात शिक्षण शुल्क ५०,००० पेक्षा बरंच कमी असेल तर प्रगती फायद्याची. खासगी कॉलेजात ते लाखाच्या घरात असेल तर माफीच मोठी. अर्ज करण्यापूर्वी शिष्यवृत्ती कक्षाला ई-मेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. दोन्ही घेऊन नंतर वसुलीची नोटीस आली, तर ती कॉलेजला येत नाही, तुम्हाला येते.

खासगी शिष्यवृत्त्यांपैकी दोन नावं लक्षात ठेवा. कोटक कन्या : व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातल्या मुलींसाठी, उत्पन्न ६ लाखांपर्यंत, वर्षाला दीड लाखापर्यंत. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती : मुलामुलींसाठी, उत्पन्न १५ लाखांच्या आत, संपूर्ण पदवीत मिळून २ लाखांपर्यंत. दोन्ही पहिल्या वर्षातच मागायच्या. दुसऱ्या वर्षी कळलं तर उपयोग नाही. अर्जाला फी नाही. ‘प्रोसेसिंग’चे पैसे मागणारा माणूस यांच्यापैकी कोणाचाही नाही.

इव्हेंट : मोफत म्हणजे नेमकं काय

सगळ्यात आधी स्मार्ट इंडिया हॅकेथॉन. २०१७पासून चालू आहे, केंद्र सरकारचा आहे, सहभागाला फी नाही. टीम सहा जणांची आणि त्यात किमान एक मुलगी असणं सक्तीचं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला कॉलेजची अंतर्गत फेरी होते, त्यातून नावं वर जातात, सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते आणि केंद्र दुसऱ्या राज्यात येऊ शकतं. तिकिटाचा, राहण्याचा खर्च कोण करणार, हे कॉलेजला अंतर्गत फेरीआधीच विचारून ठेवा. निवड झाल्यावर ‘तुमचं तुम्ही बघा’ असं उत्तर आलं, तर तोवर रेल्वेची आरक्षणं गेलेली असतात.

त्या ‘किमान एक मुलगी’ अटीमुळे तुम्हाला शेवटच्या दिवशी ‘एक जागा आहे, ये ना’ असा निरोप येईल. जरूर जा, पण आधी विचारा : माझ्याकडे कुठलं मॉड्यूल? कोड कोणाच्या रिपॉझिटरीत? सादरीकरणात मी काय बोलणार? उत्तर ‘तू पीपीटी कर’ एवढंच असेल तर सरळ नाही म्हणा आणि स्वतःची टीम बांधा. नुसत्या नावाने मिळालेलं प्रमाणपत्र मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला उघडं पडतं, आणि तुमचे दोन महिने परत मिळत नाहीत.

मग कॉलेजांचे महोत्सव. आयआयटी मुंबईचा टेकफेस्ट, व्हीजेटीआयचा टेक्नोव्हान्झा, सीओईपीचा माइंडस्पार्क, पीआयसीटीचा क्रेडेन्झ. अशा महोत्सवांत व्याख्यानं आणि प्रदर्शनं पाहायला पैसे लागत नाहीत किंवा नाममात्र नोंदणी असते. खर्च वाढतो तो तीन ठिकाणी : वर्कशॉप, राहण्याची सोय आणि प्रमाणपत्र. ‘आयआयटीत वर्कशॉप’ म्हणून विकलं जाणारं प्रशिक्षण कित्येकदा बाहेरची कंपनी घेते आणि वर्ग फक्त भाड्याचा असतो. शिकवणारं कोण, किती तास, हातात काय करून मिळणार, हे तीन प्रश्न विचारा. पायथन किंवा वेब डेव्हलपमेंटची ओळख करून देणाऱ्या दोन दिवसांना हजारो रुपये देऊ नका. तेच आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर फुकट आहे.

नोंदणीचा फॉर्म वाचायची एक सवय लावून घ्या : ‘मोफत’ शब्दाशेजारी छोटी चांदणी आहे का बघा आणि पानाच्या तळाशी जा. तिथे असतं : ‘निवड झालेल्या संघांनी प्रति व्यक्ती इतके रुपये भरून जागा निश्चित करावी’, ‘भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’, ‘छापील प्रमाणपत्राचे वेगळे शुल्क’. पैसे एखाद्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले असतील तर कॉलेजच्या खात्याचा तपशील मागा. बक्षिसाची अटही तिथेच वाचा. ‘लाखाचं बक्षीस’ म्हणजे कधी कधी रोख दहा हजार आणि बाकीची सॉफ्टवेअर कूपनं. रोख रकमेतून कर कापला जाऊ शकतो, त्यासाठी पॅन लागतो, आणि पैसे टीम लीडरच्या खात्यात येतात. वाटणी कशी, हे टीमच्या ग्रुपवर स्पर्धेआधी लिहून ठेवा.

रात्रीच्या हॅकेथॉनचा वेगळा हिशेब

मुलांना नसलेला एक खर्च इथे तुम्हाला पडतो, आणि पोस्टरवर तो कधीच नसतो. वसतिगृहाचं दार नऊ-दहाला बंद होतं. रात्रभराचा कार्यक्रम तुमच्याच कॉलेजात असला तरी आउटपास लागतो. वॉर्डनला चालेल असं पत्र म्हणजे : कार्यक्रमाचं नाव, जागा, सुरू आणि संपण्याची वेळ, समन्वयक प्राध्यापकांची सही आणि मोबाइल नंबर, पालकांची संमती. निदान तीन दिवस आधी द्या. मुलींची नावं एकत्र करून एकच पत्र दिलं तर काम लवकर होतं. कार्यक्रम रात्री दोनला संपणार आणि दार सहाला उघडणार असेल, तर मधले चार तास कुठे, हा प्रश्न आयोजकांना विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नोंदणीआधी आणखी विचारा : मुलींसाठी आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली आहे का? त्या मजल्यावर स्वच्छतागृह रात्री उघडं असतं का? महिला स्वयंसेवक आणि महिला सुरक्षारक्षक रात्रभर आहेत का? परत सोडायला बस आहे का, की कॅब तुमची तुम्ही? मध्यरात्रीच्या कॅबचे पैसे धरले की ‘दोनशे रुपयांची नोंदणी’ प्रत्यक्षात किती पडते ते लगेच कळतं. ज्या आयोजकांनी हे आधीच लिहून ठेवलंय, त्यांच्याकडे जा. बाकीच्यांना लेखी विचारलं तर पुढच्या वर्षी तेही लिहितील.

सदस्यत्व घ्यावं का

कॉलेजात आयईईई किंवा एसीएम या आंतरराष्ट्रीय तांत्रिक संघटनांची विद्यार्थी शाखा असेल तर त्यात मुलींचा वेगळा गट असतो : आयईईईचा ‘विमेन इन इंजिनिअरिंग’, एसीएमचा ‘एसीएम-डब्ल्यू’. आयईईईच्या विद्यार्थी सदस्यांना मुलींच्या गटाचं वेगळं शुल्क नाही. पण मूळ सदस्यत्वाची फी भरावी लागते. ती डॉलरमध्ये कार्डाने भरल्यास बँक परकीय चलनाचं शुल्क आणि कर वर लावते. आयईईईचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, तेव्हा भरण्याआधी आपलं सदस्यत्व कोणत्या महिन्यापर्यंत आहे ते पाहा. शाखेच्या कार्यक्रमांना नुसतं बसायला बहुतेक ठिकाणी सदस्यत्व लागत नाही. आधी दोन कार्यक्रमांना जा, मग ठरवा. पहिल्या वर्षी घाई नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तिसऱ्या वर्षी, शोधनिबंध वाचायला परिषदेला जायचं असेल तेव्हा ते पैसे वसूल होतात. त्याच वेळी एसीएम-डब्ल्यूची प्रवास शिष्यवृत्ती मागा : संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलींना संशोधन परिषदेला जायला त्याच खंडात ६०० डॉलरपर्यंत, दुसऱ्या खंडात १,२०० डॉलरपर्यंत. तुमचा स्वतःचा निबंध असायलाच हवा अशी अट नाही.

ग्रेस हॉपर सेलिब्रेशन इंडिया ही देशातली महिला तंत्रज्ञांची मोठी परिषद. विद्यार्थ्यांचं तिकीट नोकरी करणाऱ्यांपेक्षा स्वस्त असतं, पण प्रवास आणि राहणं धरलं तर रक्कम मोठी होते. तिकीट काढण्याआधी विद्यार्थी शिष्यवृत्ती उघडी आहे का ते पाहा, आणि कॉलेजकडे विद्यार्थी विकास निधीतून मदत मागा. ‘अशी तरतूद नाही’ हे उत्तर तोंडी स्वीकारू नका.

फुकटची साधनं, आणि एक कार्ड

गिटहबचा स्टुडंट पॅक आणि जेटब्रेन्सची साधनं कॉलेजच्या ई-मेलवर मोफत मिळतात. गूगल कोलॅबवर छोटे मशीन लर्निंगचे प्रयोग फुकट होतात, त्यासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम मोफत आहेत. परीक्षा द्यायची असेल तरच एका अभ्यासक्रमाला १,००० रुपये. क्लाउड शिकताना क्रेडिट-डेबिट कार्ड मागणाऱ्या ‘फ्री टियर’पासून जपा. सर्व्हर चालू राहिला की महिन्याअखेरीस बिल येतं. मायक्रोसॉफ्टची ‘अझूर फॉर स्टुडंट्स’ योजना कार्डाशिवाय १०० डॉलरचं क्रेडिट देते, तिथून सुरुवात करा.

परीक्षेच्या फीतही मुलींना सवलत आहे : एमटेकच्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते. २०२६च्या गेटला मुलींची, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग उमेदवारांची फी १,००० रुपये होती, इतरांची २,०००. मुदत संपल्यावर भरलं की वर ५०० रुपये.

इंटर्नशिप : पैसे तुम्हाला मिळायला हवेत

नियम सोपा आहे. इंटर्नशिप देण्यासाठी नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत किंवा ‘परत मिळणारं’ शुल्क मागितलं, की फॉर्म बंद करा. ‘मुलींसाठी ऐंशी टक्के सूट’ ही फक्त रक्कम लहान करायची युक्ती आहे. एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर अर्ज मोफत असतो. आउटरीची ही ओपन सोर्सची ऑनलाइन इंटर्नशिप तंत्रज्ञानात कमी संख्येने असलेल्यांसाठी आहे, तीन महिन्यांचे ७,००० डॉलर देते आणि अर्जाला एक पैसा घेत नाही. मात्र सत्र चालू असताना पुरेसा वेळ देता येईल का, याची ते कडक तपासणी करतात. कॉलेजचं वेळापत्रक हाताशी ठेवा. पैसे भरून फसला असाल तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठण्याची शक्यता जास्त.

त्रास झाला तर

मन थकलं, झोप उडाली, विषय राहिले म्हणून घरी सांगवत नाही, तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन : १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रॅगिंगसाठी यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही लाइन चोवीस तास चालू असते. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१.

लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे करायची. त्यासाठी पैसे, वकील किंवा प्राचार्यांची परवानगी लागत नाही. यूजीसीच्या २०१५च्या नियमांत इंटर्नशिप, सहल, शिबिर, महोत्सव हेही ‘कॅम्पस’मध्येच धरलेत, आणि छळ करणारा बाहेरचा माणूस असला तरी तक्रार करता येते. म्हणजे दुसऱ्या कॉलेजच्या हॅकेथॉनमध्ये किंवा इंटर्नशिपच्या कंपनीत काही घडलं, तरी ‘ते आमच्या आवारात नाही’ असं उत्तर तुमचं कॉलेज देऊ शकत नाही. चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्या, समितीने चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि त्यावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.